मांसातल्या जंतूचा माग : यंत्र आहे, पण नमुना कुठे आहे?

कोरोनाच्या काळात 'जीनोम सीक्वेन्सिंग' हा शब्द घराघरांत पोचला. डेल्टा, ओमायक्रॉन ही नावं आपण त्यातूनच शिकलो. विषाणूची जनुकीय अक्षरं वाचायची आणि त्यावरून तो कोणत्या प्रकारचा, कुठून आलेला हे ठरवायचं, एवढं आता बहुतेकांना ठाऊक आहे. याच तंत्राचा आणखी एक मोठा उपयोग मात्र आपल्याकडे फारसा चर्चेत येत नाही. सॉसेज, सलामी, शोरमा अशा मांसाच्या पदार्थांमुळे माणसं आजारी पडली, तर जंतू नेमका कोणत्या कारखान्यातून किंवा कोणत्या दुकानातून आला, हे या तंत्रानं शोधता येतं.

मे २०२२ मध्ये केरळमधल्या कासरगोड जिल्ह्यात शोरमा खाऊन १६ वर्षांची एक मुलगी दगावली. मे २०२४ मध्ये मुंबईत मानखुर्दला चिकन शोरमा खाल्ल्यानंतर १९ वर्षांच्या तरुणाचा मृत्यू झाला. अशी बातमी आली की चार दिवस गाड्यांवर धाडी पडतात, विक्रेत्याला अटक होते, 'बाहेरचं खाऊ नका' असा उपदेश होतो आणि विषय संपतो. मग कुणीतरी म्हणतं, "परदेशात बघा, डीएनए तपासून लगेच शोधून काढतात. आपल्याकडे ती यंत्रं कुठे आहेत?"

माझं मत थोडं वेगळं आहे. यंत्र नसणं ही आपली मुख्य अडचण नाही. यंत्रात घालायला जो नमुना लागतो तोच आपण गोळा करत नाही, ही खरी अडचण आहे. आणि नमुना गोळा करण्याचं काम फक्त सरकारचं नाही. त्यात माझ्यासारख्या डॉक्टरांचा वाटा आहे, तसाच तुमचाही आहे. असं मला का वाटतं, हे समजून घ्यायला आपण आधी दक्षिण आफ्रिकेत जाऊ. मांसाच्या पदार्थातून पसरलेल्या लिस्टेरिया या जंतूचा जगातला आजवरचा सर्वांत मोठा उद्रेक तिथे झाला.

दक्षिण आफ्रिका, २०१७-१८

पोलोनी हा तिथला एक स्वस्त पदार्थ आहे. बारीक वाटलेल्या मांसाचं जाडजूड सॉसेज, बाहेरून बहुधा लाल आवरण. कारखान्यात ते शिजवूनच येतं, त्यामुळे घरी कुणी पुन्हा शिजवत नाही. चकत्या कापायच्या, पावात घालायच्या आणि खायचं. कमी पैशांत पोट भरतं. आपल्याकडे कष्टकरी माणसाला वडापावचा जो आधार आहे, तसा तिथे पोलोनीचा.

जुलै २०१७ मध्ये गाउटेंग प्रांतातल्या मोठ्या सरकारी रुग्णालयांतल्या नवजात शिशू विभागाच्या डॉक्टरांना एक गोष्ट खटकली. लिस्टेरियाचा जंतुसंसर्ग झालेली बाळं नेहमीपेक्षा जास्त दिसत होती. देशात एरवी वर्षाला या आजाराचे साठ ते ऐंशी रुग्ण सापडायचे. डॉक्टरांनी ही गोष्ट जोहान्सबर्गच्या राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्थेला कळवली. संस्थेनं निरनिराळ्या रुग्णालयांतून जंतू मागवले आणि त्यांचं जीनोम सीक्वेन्सिंग केलं. त्यातून कळलं की एवढ्या मोठ्या देशात, एकमेकांना कधी न भेटलेल्या रुग्णांच्या अंगात, दहापैकी नऊ वेळा एकाच वंशाचा जंतू होता. त्याचं नाव एसटी ६.

याचा अर्थ एकच निघत होता. सगळ्यांनी खाल्लेल्या कुठल्यातरी एकाच अन्नात, बहुधा एकाच कारखान्यात, या जंतूचं मूळ होतं. ५ डिसेंबर २०१७ ला सरकारनं उद्रेक जाहीर केला. लिस्टेरियाचा प्रत्येक रुग्ण सरकारला कळवणं बंधनकारक झालं तेही त्याच महिन्यात. पण कारखाना कोणता हे कुणालाच माहीत नव्हतं. जंतूची अक्षरं वाचून झाली होती, तरी बाळं दगावतच होती.

कोडं सुटलं ते एका पाळणाघराच्या फ्रिजमुळे. जानेवारी २०१८ मध्ये सोवेटो भागातली पाच वर्षांखालची नऊ मुलं जुलाब-उलट्या होऊन ख्रिस हानी बरागवनाथ रुग्णालयात आली. नऊच्या नऊ एकाच पाळणाघरातली. तिथल्या बालरोगतज्ज्ञांनी सलाईन लावून, औषध देऊन मुलांना घरी पाठवलं असतं तरी कुणी त्यांना दोष दिला नसता. पण सगळीकडे लिस्टेरियाची चर्चा होती, त्यांना शंका आली आणि त्यांनी शौचाचे नमुने घेतले. एका मुलाच्या नमुन्यात लिस्टेरिया सापडला. आरोग्य निरीक्षक लगेच पाळणाघरात गेले. फ्रिजमध्ये पोलोनी होती. तिच्यातही जंतू निघाला, आणि तो एसटी ६ च होता.

आता पुढचा रस्ता सरळ होता. वेष्टनावरून कारखाने कळले. फेब्रुवारीच्या सुरुवातीला पोलोक्वाने शहरातल्या एंटरप्राइज फूड्सच्या कारखान्यात पथक गेलं आणि यंत्रं, जमीन, गटारं अशा ठिकाणचे तीनशेहून जास्त नमुने त्यांनी घेतले. त्यांतल्या किमान सोळा नमुन्यांत तोच एसटी ६ सापडला. ४ मार्च २०१८ ला आरोग्यमंत्र्यांनी कारखान्याचं नाव जाहीर केलं आणि माल बाजारातून परत मागवायला लावला. त्यानंतर नवे रुग्ण झपाट्यानं कमी झाले. सप्टेंबरमध्ये उद्रेक संपल्याची घोषणा झाली तोवर १,०६० रुग्ण नोंदले गेले होते आणि २१६ जण गेले होते. दहापैकी चार रुग्ण २८ दिवसांच्या आतली बाळं होती.

या सगळ्यात सीक्वेन्सिंगचं काम किती मोलाचं होतं ते बघा. त्याच्याशिवाय हे शेकडो सुटेसुटे रुग्ण एकाच माळेचे मणी आहेत, हे इतक्या खात्रीनं कळलंच नसतं. पण माळेचं दुसरं टोक सापडलं ते शंका घेणारा डॉक्टर, वेळेवर घेतलेला नमुना आणि फ्रिजमध्ये उरलेला पदार्थ या तीन गोष्टींमुळे.

लिस्टेरिया इतका त्रासदायक का?

बहुतेक जंतू थंडीत गप्प बसतात. म्हणून तर आपण अन्न फ्रिजमध्ये ठेवतो. लिस्टेरिया मात्र फ्रिजमध्येही सावकाश वाढत राहतो. कारखान्यातल्या थंड, ओल्या जागा, मांसाच्या चकत्या कापणाऱ्या यंत्राच्या फटी, जमिनीतली गटारं इथे तो वर्षानुवर्षं चिकटून राहू शकतो. शिजवल्यावर तो मरतो. पण शिजवून झाल्यावर, कापताना आणि पाकिटात भरताना तो पुन्हा मांसाला लागला, तर ते पाकीट तुमच्या फ्रिजमध्ये ठेवल्यानं तुमचा बचाव होत नाही.

धडधाकट माणसाला यामुळे थोडा ताप आणि जुलाब होतात, किंवा काहीच होत नाही. गरोदर बाईला बऱ्याचदा फक्त कणकण आणि अंगदुखी होते. पण जंतू वारेतून बाळापर्यंत पोचतो. गर्भपात होतो, बाळ पोटात दगावतं, किंवा जन्मतःच रक्तात जंतुसंसर्ग घेऊन येतं. वयस्कर माणसं, कॅन्सरवर उपचार घेणारे, किडनी बदललेले, स्टेरॉइड घेणारे, एचआयव्ही असलेले यांच्यात तो मेंदूच्या आवरणापर्यंत जाऊ शकतो.

त्यात आणखी दोन अडचणी आहेत. एक म्हणजे खाल्ल्यापासून आजार दिसेपर्यंत कधीकधी दोन महिन्यांहून अधिक काळ जातो. दोन महिन्यांपूर्वी कोणतं सॉसेज खाल्लं हे कुणाला आठवणार? दुसरी अडचण आम्हा डॉक्टरांची. गंभीर जंतुसंसर्गात आपल्याकडे सर्रास दिलं जाणारं सेफ्ट्रिअॅक्सोनसारखं इंजेक्शन लिस्टेरियावर चालत नाही. त्याला अँपिसिलिन लागतं. म्हणजे जंतू ओळखणं हे नुसतं संशोधनाचं काम नाही, समोरच्या रुग्णाचा जीव त्यावर अवलंबून असतो.

जंतूची वंशावळ कशी वाचतात?

छापखाने येण्याआधी पोथ्या हातानं उतरवून घेत. उतरवणाऱ्याच्या हातून एखादं अक्षर चुके. त्या प्रतीवरून पुढे ज्या प्रती निघत, त्यांत तीच चूक येई आणि शिवाय एखादी नवी भर पडे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार केली तेव्हा देशभरातल्या पोथ्या अशाच ताडून पाहिल्या आणि कोणती पोथी कोणत्या घराण्यातली हे ठरवलं. सारख्या चुका असलेल्या पोथ्या एकमेकींच्या जवळच्या नातलग.

जंतूचंही तसंच आहे. लिस्टेरियाच्या डीएनएमध्ये सुमारे तीस लाख अक्षरं असतात. माणसाच्या तुलनेत हे हजाराव्या भागाएवढंच. जंतू दुप्पट होताना ही सगळी पोथी उतरवली जाते आणि क्वचित एखादं अक्षर बदलतं. प्रयोगशाळेत आधी रुग्णाच्या रक्तातून किंवा शौचातून जंतू वाढवतात, त्यालाच आपण कल्चर म्हणतो. मग त्यातला डीएनए काढून त्याचे तुकडे करतात, यंत्र ते तुकडे वाचतं आणि संगणक ते जुळवून पूर्ण पोथी तयार करतो. रुग्णाकडचा जंतू आणि सॉसेजमधला जंतू यांच्यात तीस लाखांपैकी मोजक्याच अक्षरांचा फरक असेल, तर दोघांचा उगम बहुधा एकच. हजारो अक्षरांचा फरक असेल, तर एकाच जातीचे असूनही त्यांचा एकमेकांशी संबंध नाही.

पूर्वीची पद्धत ढोबळ होती. १९९३ मध्ये अमेरिकेत एका हॉटेल-साखळीच्या नीट न शिजलेल्या हॅम्बर्गरमधून ई. कोलाय जंतू पसरला, सातशेहून जास्त लोक आजारी पडले आणि चार मुलं दगावली. त्यानंतर १९९६ मध्ये तिथे 'पल्सनेट' नावाचं प्रयोगशाळांचं जाळं उभं राहिलं. ते डीएनएचे मोठे तुकडे करून त्यांच्या पट्ट्यांचा नमुना ताडत. माणसाला लांबून अंगकाठीवरून ओळखावं तसं ते होतं. २०१३ पासून अमेरिकेत लिस्टेरियाच्या प्रत्येक रुग्णाकडचा जंतू पूर्ण वाचायला सुरुवात झाली, आणि दोन-चार रुग्ण असतानाच लहान उद्रेक लक्षात येऊ लागले.

तरी २०२४ मध्ये तिथेही बोअर्स हेड या कंपनीच्या लिव्हरवर्स्ट नावाच्या सॉसेजमुळे १९ राज्यांत ६१ जण आजारी पडले आणि दहा दगावले. सीक्वेन्सिंगमुळे दुकानातल्या न उघडलेल्या सॉसेजमधला आणि रुग्णांमधला जंतू जुळला आणि व्हर्जिनियातला तो कारखाना बंद करावा लागला. मागचा गुन्हेगार सापडला हे चांगलंच, पण सीक्वेन्सिंग कारखाना धुऊन काढत नाही, हेही लक्षात ठेवायला हवं.

हे तंत्र काय सांगत नाही?

पहिली गोष्ट, जो जंतू वाढवलाच नाही तो नीट वाचता येत नाही. कल्चर न करता रुग्णाला आधीच प्रतिजैविक दिलं, तर जंतू हाती लागण्याची शक्यता खूप कमी होते.

दुसरी गोष्ट, अक्षरं जुळली म्हणजे आपोआप दोष सिद्ध झाला असं नाही. रुग्णानं तो पदार्थ खाल्ला होता का, हे विचारावंच लागतं. दक्षिण आफ्रिकेत १०९ रुग्णांच्या मुलाखती घेतल्या आणि त्यांतल्या ९३ जणांनी तयार मांसाचे पदार्थ, सर्वांत जास्त पोलोनी, खाल्ल्याचं सांगितलं. ही माहिती आणि जंतूची वंशावळ एकत्र आली तेव्हा केस पक्की झाली.

तिसरी गोष्ट व्यावसायिकांनी ध्यानात घ्यावी अशी आहे. हे तंत्र निरपराध्यालाही सोडवतं. तिथे दुसऱ्या एका कंपनीच्या वोल्वेहुक इथल्या कारखान्यातही लिस्टेरिया सापडला होता. मालात जंतू असणं वाईटच, तो मालही परत मागवला गेला. पण तो एसटी ६ नव्हता, त्यामुळे उद्रेकाचं मूळ म्हणून बोट रोखलं गेलं ते पोलोक्वानेच्या कारखान्याकडेच. केवळ संशयावर धाडी घालून गाड्या उलटवण्यापेक्षा हे कितीतरी न्यायाचं आहे.

आपल्याकडे नेमकं कुठे अडतं?

डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारनं 'इन्साकॉग' हे प्रयोगशाळांचं जाळं उभं केलं. सुरुवातीला दहा प्रयोगशाळा होत्या, पुढे त्या पन्नासच्या वर गेल्या. पुण्यात, मुंबईत ही सोय आहे. जे यंत्र कोरोनाचा विषाणू वाचतं, तशाच यंत्रावर लिस्टेरिया, साल्मोनेला, शिगेलाही वाचता येतात. प्रशिक्षित माणसं आहेत, संगणक आहेत.

अडतं ते त्याच्या कितीतरी आधी. आपल्याकडे जुलाब झाले की काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. मेडिकलवाल्याकडून ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची गोळी येते. दोन दिवसांत बरं वाटलं तर विषय संपला. नाही वाटलं तर रुग्ण आमच्याकडे येतो, तोवर कल्चरमध्ये काही उगवण्याची आशा मावळलेली असते. रुग्ण गंभीर असेल तर आधी सलाईन आणि इंजेक्शन, आणि ते बरोबरच आहे. पण त्याआधीच्या पाच मिनिटांत रक्त आणि शौचाचा नमुना घेता येतो. तो बहुतेक वेळा घेतला जात नाही, कारण खर्च वाढतो, रिपोर्ट यायला तीन दिवस लागतात आणि तोवर रुग्ण घरी गेलेला असतो.

समजा एखाद्या लॅबनं जंतू वाढवला, तरी रिपोर्ट दिल्यावर ती बशी फेकून दिली जाते. पुढे पाठवायची म्हटलं तरी कुणाकडे, याची ठरलेली वाट नाही. नाशिकमध्ये सापडलेला साल्मोनेला आणि ठाण्यात सापडलेला साल्मोनेला एकाच कोंबड्यांच्या कंपनीतून आले असतील, तर ते कळणार कुणाला?

कायदा अगदीच मुका नाही. २००६ च्या अन्न सुरक्षा आणि मानके कायद्याच्या कलम ३५ नुसार, अधिसूचना काढून एखाद्या भागातल्या डॉक्टरांना अन्नातून विषबाधेचा प्रत्येक रुग्ण कळवायला सांगता येतं. 'सांगता येतं' या शब्दांवर सगळं अडलंय. मला विचाराल तर महाराष्ट्रातल्या प्रत्येक महापालिकेत आणि जिल्ह्यात हे कलम वापरात यायला हवं. त्यासाठी दहा पानी फॉर्म नको. मोबाइलवर दोन मिनिटांत भरता येईल एवढंच पुरे: किती जण आजारी, काय खाल्लं, कुठून आणलं. एकाच जेवणातून चारपाच माणसं आजारी पडली असतील, तर त्यांची कल्चर तपासणी सरकारी लॅबमध्ये फुकट व्हावी आणि सापडलेला जंतू सीक्वेन्सिंगला जावा. कारखान्यांच्या आणि कत्तलखान्यांच्या तपासणीत मिळालेले जंतूही त्याच नोंदवहीत यावेत. एका बाजूला रुग्णांचे जंतू आणि दुसऱ्या बाजूला अन्नातले जंतू नसतील, तर ताडून पाहायचं कशाशी?

आयसीएमआरनं ईशान्येकडच्या काही राज्यांत अन्नातून होणाऱ्या जुलाबांच्या जंतूंवर लक्ष ठेवणारं जाळं उभारलं आहे. म्हणजे हे भारतात जमत नाही असं नाही. ते महाराष्ट्रात यावं एवढंच माझं म्हणणं.

"पण डॉक्टर, आपण तर सगळं शिजवून खातो"

हा आक्षेप मला पटतो, अर्धाच. आपल्या घरातलं मटण किंवा कोंबडीचा रस्सा खळखळ उकळतो, त्यात लिस्टेरिया, साल्मोनेला कुणी टिकत नाही. गोव्याचं चोरीससुद्धा कांदा-बटाट्याबरोबर शिजवूनच पानात येतं. आपल्या स्वयंपाकाच्या पद्धतीनं आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या वाचवलं आहे.

पण खाणं बदललं आहे. सँडविचमध्ये थंड सलामी आली आहे. मुलांच्या डब्यात कच्चीपक्की तळलेली सॉसेजं आहेत. शोरम्याच्या सळईवरचं मांस बाहेरून भाजलेलं आणि आतून कोमट असतं, आणि गर्दीच्या वेळी विक्रेता आतला थर भाजायची वाट बघत नाही. कासरगोडच्या घटनेत शिगेला हा जंतू सापडला. शिगेला मुळात माणसाच्या आतड्यात राहतो, त्यामुळे तिथे मांसाइतकाच हातांचा, पाण्याचा, बाकीच्या जिनसांचा विचार करावा लागतो. केवळ 'चिकन खराब होतं' म्हणून मोकळं होता येत नाही, आणि असे प्रश्न सोडवायलाच जंतूची नीट ओळख लागते.

दुसरा आक्षेप पैशांचा. गरीब देशाला हे परवडेल का? दक्षिण आफ्रिकाही काही श्रीमंतांच्या पंगतीत बसणारा देश नाही. पाळणाघरातली ती पोलोनी आणखी दोन महिने सापडली नसती तर किती बाळं गेली असती, याचा हिशेब कुठल्या खात्यात मांडायचा?

तुम्ही काय करू शकता?

आधी स्वतःला जपण्याबद्दल:

• कोंबडीचं मांस आतपर्यंत नीट शिजवा, आत गुलाबीपणा राहू देऊ नका. तापमान मोजायची सोय असेल तर आतलं तापमान किमान ७४ अंश सेल्सिअस हवं.

• कच्ची कोंबडी नळाखाली धुऊ नका. शिंतोड्यांबरोबर जंतू ओट्यावर आणि कोशिंबिरीवर उडतात. मांसाची सुरी आणि पाट वेगळा ठेवा.

• सलामी, सॉसेज, हॅम थंड खाऊ नका, वाफ येईपर्यंत गरम करा. गरोदर बाया, साठीच्या पुढची माणसं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी हा नियम कटाक्षानं पाळावा. परदेशात राहणाऱ्या लेकीसुनांनाही हे जरूर सांगा, तिथे थंड मांसाचं सँडविच रोजचंच असतं.

• उघडलेलं पाकीट फ्रिजमध्ये आठवडाभर पडू देऊ नका. फ्रीझरमध्ये जंतू मरत नाहीत, फक्त थांबतात.

• गरोदरपणात ताप आला तर 'साधा फ्लू' म्हणून अंगावर काढू नका. डॉक्टरांना दाखवा आणि काय खाल्लं होतं तेही सांगा.

आता माग काढण्याबद्दल. हा भाग सहसा कुणी सांगत नाही, म्हणून जरा नीट वाचा:

• एकाच जेवणानंतर घरातले किंवा ऑफिसातले दोघंतिघं आजारी पडले, तर उरलेलं अन्न फेकू नका. स्वच्छ पिशवीत बांधा, वर 'खाऊ नये' असं लिहा आणि फ्रिजमध्ये बाजूला ठेवा.

• वेष्टन, बॅच नंबर आणि चौदा आकडी एफएसएसएआय परवाना क्रमांक यांचा मोबाइलवर फोटो काढा.

• काय खाल्लं आठवत नसेल तर यूपीआयचे व्यवहार आणि जेवण मागवायच्या ॲपमधल्या जुन्या ऑर्डरी बघा. माणसाच्या आठवणीपेक्षा त्या पक्क्या असतात.

• मेडिकलमधून स्वतःच्या मनानं प्रतिजैविक घेऊ नका. साध्या जुलाबात त्याची बहुधा गरजही नसते, ओआरएस पुरतं. शौचात रक्त, जोराचा ताप, लघवी कमी होणं, गुंगी यांपैकी काही असेल तर लगेच डॉक्टरांकडे या.

• डॉक्टरांनी शौचाचं किंवा रक्ताचं कल्चर सांगितलं तर 'कशाला उगाच खर्च' म्हणू नका. आणि त्यांनी सांगितलं नाही तर तुम्ही विचारा, "डॉक्टर, औषध सुरू करायच्या आधी नमुना घ्यायचा का?" मला स्वतःला हा प्रश्न विचारणारा रुग्ण आवडतो.

• महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्याला किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. अन्न व औषध प्रशासनाकडे किंवा एफएसएसएआयच्या 'फूड सेफ्टी कनेक्ट' ॲपवरही तक्रार करता येते. विक्रेत्यावर राग काढण्यापेक्षा ही तक्रार जास्त कामाची.

प्रत्येक जुलाबामागे एवढं सगळं करा, असं माझं म्हणणं नाही. एकट्याचं पोट बिघडलं, दोन दिवसांत बरं झालं, तर सोडून द्या. पण एकाच ताटातून अनेक जण आजारी पडले, किंवा आजारी माणूस गरोदर, तान्हा, वयस्कर असेल, तर तुमच्या फ्रिजमधला तो उरलेला तुकडा आणि तुमच्या मोबाइलमधला तो फोटो प्रयोगशाळेतल्या लाखोंच्या यंत्राइतकाच मोलाचा ठरू शकतो.